मॅप अडकतोय? आधी बघा, चित्र कोण काढतंय

प्रश्न थोडक्यात असा आहे. पाच जणांचा गट दर शनिवारी रात्री फाउंड्रीवर खेळतो, म्हणजे ब्राउझरमध्ये मॅप आणि सोंगट्या मांडून रोल-प्लेइंग खेळ खेळायच्या सॉफ्टवेअरवर. त्यातल्या एकाच्या लॅपटॉपवर मॅप जरा सरकवला की झटके बसतात, सेकंदाला जेमतेम आठ-दहा फ्रेम पडतात आणि पंखा घोंघावायला लागतो. लॅपटॉप तसा बरा आहे: ८ जीबी रॅम, प्रोसेसरमधलं इंटेलचं ग्राफिक्स आणि शिवाय एनव्हिडियाचं वेगळं छोटं कार्ड. नेटही १०० एमबीपीएसचं आहे. गटातल्या दुसऱ्याच्या जुन्या, निम्म्या किमतीच्या लॅपटॉपवर तोच मॅप सुरळीत चालतो. जीएमने (गेम मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) होस्टिंगचा महाग प्लॅन घेऊन पाहिला, काडीचाही फरक पडला नाही. आता नवा लॅपटॉप घ्यावा का, असं विचारलंय.

घेऊ नका. निदान खाली लिहिलंय तेवढं करून बघेपर्यंत तरी नको. मी स्वतः बरीच वर्षं जीएम आहे. आमच्या गटात कोणाचा मॅप अडकला की फोन मला येतो, त्यामुळे अशी बरीच मशीन मी आतून पाहिली आहेत. तुमच्या वर्णनातल्या दोन गोष्टी मला फार बोलक्या वाटतात: आठ-दहा हा आकडा आणि पंख्याचा आवाज.

होस्टिंग बदलून फरक का पडला नाही, ते आधी सांगतो, कारण पैसे बहुतेकदा तिथेच वाया जातात. २०२० साली आलेलं फाउंड्री असो की तशाच कामाचं, त्याच्याही आधीचं रोल-ट्वेंटी, सर्व्हर चित्र काढत नाही. तो फायली पाठवतो आणि ‘अमक्याचं टोकन (सोंगटी) या घरातून त्या घरात गेलं’ एवढा निरोप सगळ्यांना देतो. मॅप, त्यावरचं धुकं, मशालीचा उजेड, भिंतीची सावली हे सगळं ज्याच्या त्याच्या ब्राउझरमध्ये, ज्याच्या त्याच्या मशीनवर काढलं जातं. सर्व्हर कितीही दणकट घेतला तरी तुमच्या मित्राच्या लॅपटॉपची एक फ्रेमसुद्धा वाढणार नाही.

ब्राउझर हे चित्र वेबजीएलमधून काढतो. वेबजीएलची पहिली आवृत्ती ग्राफिक्सची मानकं ठरवणाऱ्या ख्रोनोस ग्रुपने २०११ मध्ये आणली. त्यामुळे वेगळं प्लगइन न टाकता वेब पानाला थेट ग्राफिक्स कार्डाकडून काम करून घेता येऊ लागलं. फाउंड्री त्यावर पिक्सी-जेएस ही लायब्ररी वापरतं. विंडोजवर क्रोम ही सगळी आज्ञावली अँगल नावाच्या थरातून विंडोजच्या डायरेक्ट-थ्रीडीत उतरवतो, आणि मग ती ड्रायव्हरमार्फत, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमार्फत, कार्डापर्यंत जाते. या साखळीतली एखादी कडी निसटली तर ब्राउझर बऱ्याचदा काम थांबवत नाही, तर ते मुकाट्याने प्रोसेसरच्या गळ्यात घालतो. लग्नाच्या पंगतीला चाळीस वाढपी असतात, प्रत्येक जण आपली ओळ सांभाळतो आणि पंगत झटक्यात उठते. ग्राफिक्स कार्ड म्हणजे ते वाढपी. प्रोसेसर म्हणजे चार निष्णात आचारी. त्यांनाच वाढायला लावलं तर पानं वाढून होतील, पण पहिल्या पानावरचा भात तोवर निवलेला असेल.

आता निदान. ‘हळू चालतं’ या एका तक्रारीच्या पोटात तीन वेगवेगळे आजार असतात आणि त्यांची औषधं एकमेकांना लागू पडत नाहीत. सीन (एका प्रसंगाचा मॅप आणि त्यावरचं सगळं) उघडायला वेळ लागतो, पण एकदा उघडला की सगळं सुरळीत चालतं, तर अडचण नेटची आणि फायलींच्या वजनाची. कोणी काही हलवत नसताना नुसता मॅप सरकवला किंवा झूम केला तरी झटके बसतात, तर अडचण ग्राफिक्सची. मॅप छान सरकतो, पण स्वतःचं टोकन ओढलं की अर्धा-एक सेकंद सगळं गोठतं, तर प्रोसेसर भिंतींची आणि नजरेची गणितं करून दमतोय. तुमचा मित्र मधल्या प्रकारात बसतो.

हे पक्कं करायला मी रिकामा सीन वापरतो. जीएमने नवा सीन उघडायचा. त्यात मॅपचं चित्र नाही, भिंत नाही, दिवा नाही, टोकन नाही. तो चालू करून मित्राला तिथे न्यायचं आणि माऊसने इकडेतिकडे सरकवायला सांगायचं. एवढ्या ओसाड जागीही झटके बसत असतील तर मॅप निर्दोष आहे आणि दोष मशीन किंवा ब्राउझरमध्ये शोधायचा. रिकामा सीन मस्त चालला आणि तुमचा किल्ला-जंगल आलं की अडकला, तर मॅप हलका करायला घ्यायचा. पाच मिनिटांच्या या चाचणीने पुढचे पाच तास वाचतात. ती टाळून लोक थेट सेटिंग चिवडायला लागतात, आणि मग कशाने फरक पडला तेही कळत नाही.

तुमच्या बाबतीत रिकामा सीनसुद्धा अडकेल, अशी माझी जवळजवळ खात्री आहे. प्रोसेसरमधलं साधं इंटेल ग्राफिक्सही मध्यम आकाराचा मॅप सेकंदाला तीसच्या वर फ्रेमने काढू शकतं. साठ फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात. तुमच्या मित्राकडे आठ फ्रेम पडतायत, म्हणजे एकेका फ्रेमला १२५ मिलिसेकंद लागतायत. दुबळ्या कार्डाचाही आकडा सहसा इतका खाली जात नाही. इतका खाली गेला, त्यात पंखा भरधाव, म्हणजे बहुधा चित्र प्रोसेसर काढतोय. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, ‘परफॉर्मन्स’वर जा आणि मित्राला मॅप सरकवायला सांगा. सीपीयूचा, म्हणजे प्रोसेसरचा, आलेख छताला टेकलाय आणि दोन्ही जीपीयूंचे, म्हणजे ग्राफिक्सचे, आलेख जमिनीवर झोपलेत, असं दिसलं की आजार सापडला.

मग क्रोममध्ये पत्त्याच्या पट्टीत इंग्रजी छोट्या अक्षरांत ‘क्रोम’, पुढे अपूर्णविरामाचे दोन टिंब, दोन तिरक्या रेघा आणि ‘जीपीयू’ असं लिहून एंटर करा. एजमध्ये ‘क्रोम’च्या जागी ‘एज’. लांबलचक पान उघडेल, घाबरू नका. वरच्या यादीत ‘वेबजीएल’ची ओळ शोधा. तिच्यासमोर हिरव्या अक्षरांत ‘हार्डवेअर ॲक्सलरेटेड’ हवं. ‘सॉफ्टवेअर ओन्ली’ किंवा ‘डिसेबल्ड’ दिसलं तर तीच तुमची निसटलेली कडी. त्याच पानावर खाली ‘जीएल रेंडरर’ अशी ओळ असते, तिच्यात चित्र कोण काढतंय त्याचं नाव असतं. इंटेल, एनव्हिडिया किंवा एएमडी यांपैकी काही दिसलं तर ठीक. ‘स्विफ्टशेडर’ किंवा ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक रेंडर ड्रायव्हर’ दिसलं, लिनक्सवर ‘एलएलव्हीएम-पाइप’ दिसलं, तर ती कार्डं नव्हेत. प्रोसेसरला चित्र काढायला लावणाऱ्या सॉफ्टवेअरची ती नावं आहेत. फायरफॉक्समध्ये हीच माहिती ‘अबाउट’, अपूर्णविराम, ‘सपोर्ट’ या पानावर ‘ग्राफिक्स’खाली मिळते. तिथे ‘कंपोझिटिंग’समोर नुसतं ‘वेबरेंडर’ असेल तर छान, कंसात ‘सॉफ्टवेअर’ असेल तर प्रोसेसर राबतोय.

आमच्या गटातली नाशिकची एक खेळाडू दोन महिने हे सहन करत होती. तिची पाळी आली की ती ‘एक मिनिट हं, येतोय मॅप’ म्हणायची आणि आम्ही सगळे थांबायचो. शेवटी तिने हळूच सांगितलं की मी नुसती बघत बसते, माझ्यामुळे खोळंबा नको. त्या रात्री खेळ बाजूला ठेवून मी तिच्याबरोबर कॉलवर बसलो. जीपीयूचं पान उघडलं तर वेबजीएलची ओळ लाल. क्रोमच्या सेटिंगमध्ये ‘सिस्टिम’खाली ‘यूज ग्राफिक्स ॲक्सलरेशन व्हेन अव्हेलेबल’ हे बटण बंद होतं. तिला आठवलं: लॉकडाउनमध्ये ऑनलाइन तासाला स्क्रीन शेअर केली की समोरच्यांना काळं दिसायचं, तेव्हा मामेभावाने ते बंद करून दिलं होतं. त्याचा सल्ला त्या दिवसापुरता बरोबर होता. बटण पुन्हा चालू करायचं मात्र राहून गेलं. ते चालू केलं, ब्राउझर नव्याने सुरू केला, आणि तिचं टोकन पुलावरून सरसर पलीकडे गेलं. लॅपटॉप तोच, नेट तेच. त्यानंतर ती एकही शनिवार चुकलेली नाही.

‘नव्याने सुरू केला’ हे शब्द मुद्दाम लिहिलेत. खिडकी बंद करणं म्हणजे ब्राउझर बंद करणं नव्हे. क्रोम मागे चालूच राहू शकतो आणि जुनंच सेटिंग धरून बसतो. पट्टीत ‘क्रोम’, दोन टिंब, दोन रेघा, ‘रीस्टार्ट’ असं लिहा, म्हणजे तो खरोखर नव्याने उठेल.

बटण चालू असूनही ओळ लालच राहिली तर पुढचा संशय ड्रायव्हरवर. क्रोमकडे बिघडलेल्या ड्रायव्हरांची एक यादी असते. त्यात तुमचा ड्रायव्हर असेल तर तो कार्डाला हात लावत नाही. ड्रायव्हर लॅपटॉप बनवणाऱ्याच्या किंवा इंटेल, एएमडी, एनव्हिडिया यांच्या स्वतःच्या साइटवरून घ्या. ‘एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर अपडेट’ म्हणणारी तिसऱ्याच कोणाची सॉफ्टवेअरं मशीनमध्ये घेऊ नका. क्रोमच्या ‘फ्लॅग्ज’ पानावर ‘ओव्हरराइड सॉफ्टवेअर रेंडरिंग लिस्ट’ नावाचा पर्याय आहे, तो ही यादी धाब्यावर बसवतो. सगळं करून थकल्यावरच तो वापरा, कारण ड्रायव्हर त्या यादीत क्रॅश होतो म्हणूनच गेलेला असतो.

तुमच्या मित्राच्या लॅपटॉपमध्ये दोन कार्डं आहेत, तेव्हा आणखी एक गोष्ट तपासायची. ब्राउझर म्हणजे हलकं काम, असं समजून विंडोज बॅटरी वाचवण्यासाठी त्याला बहुधा इंटेलवर बसवतं. विंडोजच्या सेटिंगमध्ये ‘सिस्टिम’, मग ‘डिस्प्ले’, मग ‘ग्राफिक्स’ इथे जा, यादीत ब्राउझर नसेल तर जोडा आणि त्याच्या ‘ऑप्शन्स’मध्ये ‘हाय परफॉर्मन्स’ निवडा. ब्राउझर पुन्हा सुरू करून ‘जीएल रेंडरर’च्या ओळीत एनव्हिडियाचं नाव आलं का ते बघा. आलं नाही तर काम झालेलं नाही, सेटिंगमध्ये काही का लिहिलेलं असेना. गटात कोणाकडे डेस्कटॉप असेल आणि महागडं कार्ड असूनही मॅप अडकत असेल, तर मॉनिटरची केबल मागे कुठे खोचलीय ते वाकून बघायला सांगा. ती मदरबोर्डच्या पोर्टात असते आणि खाली कार्डाची पोर्टं मोकळी पडलेली असतात, हे मी एकाहून जास्त घरांत पाहिलंय.

आता समजा मशीन धडधाकट निघालं आणि रिकामा सीन सुरेख चालला. मग मॅपकडे वळायचं. इथे एक गैरसमज इतका खोल रुजलेला आहे की तो मला सविस्तर सांगितल्याशिवाय राहवत नाही. जीएम म्हणतात, ‘माझा मॅप फक्त ४ एमबीचा आहे, वेबपी (चित्र दाबून लहान करणारा फाइल प्रकार) केलाय, मग जड कसा?’ ४ एमबी हे प्रवासातलं वजन झालं. वेबपी असो, जेपेग असो, पीएनजी असो, कार्डाच्या मेमरीत चढताना चित्र पूर्ण उलगडतं आणि एकेका पिक्सेलला ४ बाइट लागतात. लाल, हिरवा, निळा आणि पारदर्शकता, प्रत्येकी एक. घडी घातलेली पैठणी पिशवीत मावते, पण नेसायची तर नऊवार उलगडावीच लागते, तसंच हे.

हिशेब करून बघा. ४० घरं रुंद आणि ३० घरं उंच मॅप, एका घराला १०० पिक्सेल. चित्र झालं ४००० गुणिले ३०००, म्हणजे १ कोटी २० लाख पिक्सेल. गुणिले ४, म्हणजे ४८ एमबी. हाच मॅप कोणी एका घराला २०० पिक्सेल या मापाने दिला तर ८००० गुणिले ६०००, आणि वजन १९२ एमबी. बाजू दुप्पट झाली की वजन चौपट होतं. ८१९२ गुणिले ८१९२ चं चित्र तर २५६ एमबी खातं, मग डिस्कवर ती फाइल ५ एमबीची असो की ५० ची. झूम कमी केल्यावर चित्र फुटू नये म्हणून कार्ड त्याच्या लहान-लहान प्रती करून ठेवतं. त्या असतील तर आणखी एक तृतीयांश धरा. वर छपरांचा वेगळा थर, वरच्या मजल्याचा वेगळा. प्रत्येक थर पुन्हा मूळ चित्राएवढा.

२ जीबी मेमरीच्या कार्डात विंडोज, ब्राउझर आणि व्हिडिओ कॉल आधीच जागा धरून बसलेले असतात. टास्क मॅनेजरमध्ये जीपीयूच्या पानावर ‘डेडिकेटेड’ आणि ‘शेअर्ड’ असे मेमरीचे दोन आकडे दिसतात. पहिला भरून गेला आणि सीन उघडल्यावर दुसरा फुगायला लागला, तर कार्ड आता साध्या रॅममधून माल ओढतंय. झटके तिथून येतात. मर्यादेचा दुसरा प्रकार म्हणजे चित्राची कमाल बाजू. आजच्या बहुतेक संगणकांत ती १६३८४ पिक्सेल असते, जुन्या फोन-टॅब्लेटांत ४०९६ पर्यंत खाली असू शकते. त्यापलीकडचा मॅप हळू चालत नाही, तो दिसतच नाही. टॅब्लेटवाल्याला काळा पडदा आणि बाकीच्यांना मॅप दिसत असेल तर हे कारण आधी बघा.

यावर उपाय सोपा आहे. गिंप किंवा इरफानव्ह्यू अशा चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये मॅप उघडा आणि एका घराला १०० पिक्सेल येतील इतका लहान करा. मोठी रणभूमी असेल तर ७० सुद्धा चालतात, रोल-ट्वेंटीचं मूळ घर ७० पिक्सेलचंच आहे. मग वेबपीमध्ये ८० च्या आसपास गुणवत्तेने साठवा. लॅपटॉपच्या पडद्यावर फरक शोधूनही सापडत नाही. प्रचंड मॅप असेल तर त्याचे दोन सीन करा. किल्ल्याचा बाहेरचा भाग आणि बालेकिल्ला एकाच चित्रात असायची गरज नसते, दरवाजा ओलांडला की सीन बदलला, तर खेळालाही एक छान ठेका मिळतो.

टोकनांकडे कोणाचंच लक्ष नसतं. २००० गुणिले २००० चा भुताचा फोटो पडद्यावर एका घरात बसतो, पण मेमरीत १६ एमबी घेतो. तोच ४०० गुणिले ४०० केला तर ०.६४ एमबी. एकाच चित्राची बारा भुतं असतील तर चित्र एकदाच चढतं, चिंता नाही. पण सभेच्या प्रसंगात तीस वेगवेगळे चेहरे, तेही मूळ आकारात टाकले, तर ४८० एमबी तिथेच गेले. छोटे केले तर २० एमबीच्या आत.

हलणारे मॅप, म्हणजे वाहती नदी, पेटता वणवा वगैरे, फार देखणे असतात, पण त्यांचं प्रत्येक चित्र उलगडून पुन्हा कार्डात चढवावं लागतं. बऱ्याच फायली व्हीपी-नाइन या व्हिडिओ दाबून ठेवायच्या पद्धतीच्या असतात. ती उलगडायची पुरी सोय इंटेलच्या सातव्या पिढीपासून हार्डवेअरमध्ये आली. त्याआधीच्या लॅपटॉपवर तो सगळा भार प्रोसेसरवर येतो. गटात असा एकही लॅपटॉप असेल तर स्थिर चित्र वापरा.

तिसऱ्या आजाराकडे येतो, टोकन ओढल्यावर गोठणारा. डोळे असलेलं टोकन हललं की त्याला कुठवर दिसतं याचा आकार फाउंड्री भिंतींच्या टोकांवरून नव्याने काढतं. प्रत्येक दिव्यालाही तसाच आकार लागतो. हे गणित जावास्क्रिप्टमध्ये, प्रोसेसरच्या एका धाग्यावर चालतं, त्यामुळे आठ कोअर असूनही राबतो एकच. मी एकदा गुहेचा मॅप केला होता. भिंती एका अवजाराने आपोआप काढून घेतल्या, आणि त्याने खडकाच्या प्रत्येक खाचेला वेगळा तुकडा पाडला. नुसत्या एका वळणाला साठ-सत्तर तुकडे. खेळाडूंनी टोकन ओढलं की सगळ्यांचाच पडदा थबकायचा. एका संध्याकाळी बसून मी त्या पुसल्या आणि हाताने लांब सरळ भिंती घातल्या, वळणाला चार-पाच तुकडे. खडकाचा कोपरा नजरेला किंचित तिरका कापला जातो, तेवढं चालतं. खेळताना कोणाला ते जाणवलंही नाही, थबकणं मात्र गेलं. दिव्यांचंही असंच. ओसरीभर तीस मशाली लावण्यापेक्षा चार-पाच रुंद उजेड लावा, आणि लुकलुकणारा परिणाम फक्त जिथे प्रसंग घडणार आहे तिथल्या एक-दोन दिव्यांना द्या. लुकलुकणारा दिवा प्रत्येक फ्रेमला नव्याने रंगवावा लागतो.

फाउंड्रीच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये ‘परफॉर्मन्स मोड’ आहे, तो दुबळ्या मशीनवर ‘लो’ करा. ‘मॅक्सिमम फ्रेमरेट’ ३० वर आणा. सोंगट्यांच्या खेळाला ३० स्थिर फ्रेम भरपूर झाल्या, ६० आणि १५ च्या मध्ये लटपटणाऱ्या आकड्यापेक्षा त्या डोळ्यांना बऱ्या वाटतात. दिव्यांचं आणि नजरेचं ॲनिमेशन बंद करा. पडदा फोर-केचा असेल तर ‘पिक्सेल रेझोल्यूशन स्केलिंग’ आवर्जून बंद करा, कारण फोर-केमध्ये फुल एचडीच्या चौपट पिक्सेल असतात आणि ते सगळे रंगवावे लागतात. लक्षात ठेवा, ही सेटिंग ज्याच्या त्याच्या ब्राउझरपुरती असतात. जीएमने आपल्याकडे बदललं म्हणून खेळाडूकडे बदलत नाही, प्रत्येकाकडून करून घ्यावं लागतं.

फाउंड्रीला वरून जोडलेली मॉड्यूल आणि ब्राउझरची एक्स्टेन्शन्स यांचाही त्रास होतो. एक्स्टेन्शनचा संशय असेल तर इन्कॉग्निटो खिडकीत खेळ उघडून बघा. मॉड्यूलचा असेल तर ‘फाइंड द कल्प्रिट’ नावाचं मॉड्यूल आहे, ते निम्मी-निम्मी मॉड्यूल बंद करत दोषी शोधून देतं.

पहिली वीस मिनिटं झकास आणि मग हळूहळू फ्रेम घसरत जातात, असं असेल तर सेटिंगचा काही संबंध नाही, मशीन तापतंय. गादीवर, मांडीवरच्या उशीवर ठेवलेल्या लॅपटॉपची खालची जाळी बुजते. आमचा नागपूरचा खेळाडू मे महिन्यात रात्री अकरालाही या तक्रारीने हैराण व्हायचा. लॅपटॉपखाली मागच्या बाजूला दोन जाड वह्या सरकवल्या आणि पंख्यातली धूळ साफ करून घेतली, तेवढ्याने त्याचं भागलं. चार्जर लावूनच खेळा. बॅटरीवर विंडोज प्रोसेसर आणि कार्ड दोन्हींचा हात आखडता घेतं. आणि व्हिडिओ कॉल वेगळ्या फोनवर घ्या. पाच चेहऱ्यांचे व्हिडिओ उलगडायचं ओझं त्याच लॅपटॉपवर कशाला?

नेटचं एकच सांगतो. जीएम स्वतःच्या घरच्या मशीनवरून फाउंड्री चालवत असेल तर त्याची अपलोड गती मोजा, डाउनलोड नव्हे. २० एमबीचा मॅप पाच जणांना पाठवायचा म्हणजे १०० एमबी, म्हणजे ८०० मेगाबिट. अपलोड २० एमबीपीएस असेल तर सरळ ४० सेकंद. इथे मात्र वेबपीने हलकी केलेली फाइल खरोखर कामाला येते, आणि खेळ सुरू व्हायच्या आधी सीन सगळ्यांकडे उतरवून (प्रीलोड करून) ठेवला तर कोणाला वाट बघावी लागत नाही.

माझी एक पद्धत सांगतो, ती सगळ्या जीएमनी उचलावी असं मला मनापासून वाटतं. नवा मॅप तयार झाला की मी तो माझ्या मशीनवर बघून खूश होत नाही. गटातला सगळ्यात कमजोर लॅपटॉप कोणाचा ते मला माहीत आहे. खेळाच्या आदल्या दिवशी त्या खेळाडूला पाच मिनिटं बोलावतो, सीन उघडायला लावतो आणि टोकन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढायला सांगतो. तिथे चालला की सगळीकडे चालतो. आमच्यातला एक जण न्यू जर्सीत असतो. आमच्या शनिवारच्या रात्री त्याची सकाळ असते आणि तो मुलांची नाश्त्याची गडबड आवरून येतो. तिकडे त्याने तीन तास राखून ठेवायचे आणि त्यातला अर्धा तास गोल फिरणारं चक्र बघण्यात घालवायचा, हे मला पटत नाही.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे, नवा लॅपटॉप घ्यावा का. मित्राला आज संध्याकाळी जीपीयूचं पान उघडायला सांगा. ओळ लाल असेल तर बटण आणि ड्रायव्हर बघा, खर्च शून्य. ओळ हिरवी आहे पण नाव इंटेलचं आहे, तर ‘हाय परफॉर्मन्स’चं सेटिंग करा, खर्च शून्य. एनव्हिडियाचं नाव आहे आणि रिकामा सीन चालतो, तर मॅप लहान करा. तेही फुकटच. एवढं करूनही कमी पडलं तर रॅम बघा. ८ जीबी रॅम बऱ्याच लॅपटॉपांत एकाच पट्टीत येते आणि शेजारची जागा रिकामी असते. प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते याच रॅमवर जगतं. तशीच दुसरी पट्टी लावली की रॅम दोन वाटांनी चालते आणि त्या ग्राफिक्सला जवळजवळ दुप्पट रुंद रस्ता मिळतो. टास्क मॅनेजरमध्ये ‘मेमरी’च्या पानावर ‘स्लॉट्स यूज्ड’ असं लिहिलेलं असतं. तिथे दोनपैकी एक दिसत असेल तर दुकानात जाताना त्या पानाचा फोटो काढून न्या, कारण पट्टी डीडीआर-फोर हवी की डीडीआर-फाइव्ह आणि किती वेगाची, ते दुकानदार पहिलं विचारेल. काही बारीक लॅपटॉपांत रॅम बोर्डावरच डकवलेली असते, तिथे हा मार्ग बंद.

यातलं सगळं करून झालं तरी आकडा वीसच्या खालीच राहिला, तर मला तीन गोष्टी कळवा: ‘जीएल रेंडरर’ची पूर्ण ओळ, मॅपची रुंदी-उंची पिक्सेलमध्ये, आणि रिकाम्या सीनवर किती फ्रेम पडतात तो आकडा. क्रोममध्ये एफ-१२ दाबून, मग कंट्रोल-शिफ्ट-पी करून ‘एफपीएस’ लिहिलं की मीटर चालू करायचा पर्याय दिसतो, आकडा तिथून घ्या.